हवालदाराने बायकोला शिकवलेली बाराखडी

टाळकरी, जरा दम घ्या! मंडळी, एक विचारतो — घरच्या माणसावरची माया पोटात ठेवायची, की ओठावर आणायची? ... "पोटात!" बघा, पुरुष मंडळी लगेच बोलली! बायका मात्र गप्प. त्यांना ठाऊक आहे — पोटातलं पोटातच राहतं!

मग ऐका. फलटणकडचे रंगराव भोइटे. फौजेत हवालदार, दोन लढाया लढलेला गडी! पण घरी पत्र लिहायचं म्हटलं की हात अडायचा. का? बायको हौसाबाईला अक्षर येत नव्हतं! पत्र वाचणार गुरुजी — तेही पारावर, चारचौघांत! मग काय लिहिणार? "म्हैस कशी आहे? दूध किती देते?" चार वर्षं म्हशीचीच चौकशी! शेवटी हौसाबाईनं गुरुजींना सांगितलं, "लिहा त्यांना — म्हैस बरी आहे, पण घरात बायकोपण आहे म्हणावं!"

हसता काय? ते वाचून हवालदार तिकडे बर्फात रडला, मंडळी!

पेन्शनीत आले, पत्र्याच्या पेट्यांचं दुकान काढलं. पंचक्रोशीत लग्न ठरलं, की नवरीची पेटी भोइट्यांचीच! तीन लेकरं शिकवली, मार्गी लावली. पण त्या दुकानात रोज दुपारी काय चालायचं? हातोडा बाजूला — आणि बायको समोर, पाटी घेऊन!

आळी हसली. "हवालदार, बायकोला कलेक्टर करता काय?"

हौसाबाई लाजून उठली. "अहो, पुरे. लोक नावं ठेवतात."

"ठेवू देत! तोफा ऐकल्यात मी, ह्यांच्या हसण्याला भिऊ? बस खाली. काढ — क, का, कि, की!"

दोन वर्षं लागली! मग माल आणायला परगावी गेले, की तिथून तिला पत्र. बंद पाकीट! आत काय असायचं, ते मला विचारू नका — मी कीर्तनकार आहे, पारावरचा गुरुजी नाही!

आणि एकोणऐंशीव्या वर्षी घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठ काढली तर जीव वाचेल, आवाज जाईल." थोरला लेक म्हणाला, "आबा, मुक्यानं कसं जगाल?" आबांनी हौसाबाईकडे पाहिलं. ती माउली काय म्हणाली?

"करून घ्या. तुम्ही लिहा. मी वाचीन."

शस्त्रक्रिया झाली. शुद्ध आली. ओठ हलले — शब्द नाही! डोळे भरले. हौसाबाईनं पाटी पुढं केली. त्यांनी चार अक्षरं लिहिली. लेक वाकून बघायला गेली, तर आईनं पाटी छातीशी धरली — "माझं आहे ते!"

पुढं अकरा वर्षं जगले, मंडळी! दुकानात ते लिहायचे, हौसाबाई गिऱ्हाइकाला वाचून दाखवायची. भांडणसुद्धा पाटीवर! ती चिडली की डोळे मिटून बसायची — मग हवालदार काय करणार? हरला! नव्वदीत, भरल्या घरात, तिचा हात हातात घेऊन गेले. लढाईवरसुद्धा कधी इतके निवांत गेले नव्हते!

आता तुमचं सांगा! इथं देवाच्या नावानं गर्जता, मंडप हलतो. आणि घरी? "वाढ" आणि "आवर" — संपली भाषा! आज दारात पाऊल टाकलं, की एक गोड शब्द बोला. ती दचकेल. म्हणेल, "आज काय झालंय तुम्हाला?"

सांगा — "काही नाही गं. आवाज आहे, तोवर बोलून घेतो."