न संपलेला तास

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वेरिबीच्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ फॅबियन, व्यासपीठावरचे कॉलेज कौन्सिलचे माझे सहकारी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या कॉलेजच्या शिक्षिका चित्रलेखाबाई, त्यांचे यजमान विश्रामराव, समोर बसलेले पालक आणि मागच्या रांगेतले विद्यार्थी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी दत्तप्रसाद, कौन्सिलचा खजिनदार. कॉलेज बंद करा असं सुचवणारा तो मीच. अशा माणसाला निरोपाचं भाषण कुणी देतं का? मी फॅबियनला तसं विचारलं, तर म्हणाला, "नो वरीज मेट, थोडक्यात आवर." थोडक्यात आवरणं मला कधी जमलेलं नाही.

आमच्या कॉलेजसारखं छोटं लिबरल आर्ट्स कॉलेज असावं की नसावं, यावर कौन्सिलमध्ये आम्ही पुष्कळ भांडलो. नदीकाठची जुनी कॉन्व्हेंटची इमारत, मूठभर मुलं, आणि इतिहास, गणित, तत्त्वज्ञान सगळं एकाच टेबलाभोवती. माझी मुलगी इरावती आधी मेलबर्न सिटीतल्या एका मोठ्या युनीत, हजारो मुलांच्या विद्यापीठात होती. तिथे ती महिनाभर तापाने घरी पडून होती, तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. इथे आल्यावर एकदा तिची ट्रेन चुकली, तेव्हा अर्धा वर्ग तिला शोधत स्टेशनवर. हा गुण मी नाकारत नाही. पण गंगाजळी शून्य, देणगीदार एकच आणि तोही थकलेला, छप्पर गळायला लागलं की शिक्षकांचे पगार लांबणार. अशी संस्था किती दिवस उभी राहणार? माझा अहवाल बरोबर होता. आज पुन्हा लिहायला बसवलंत तरी मी तेच लिहीन.

अहवालात एक गोष्ट मात्र मी धरली नव्हती. या कॉलेजात घंटा नाही. बाई जोवर "झालं, उठा" म्हणत नाहीत तोवर तास संपत नाही आणि तोवर कुणी उठत नाही. शेवटच्या गुरुवारी इरावतीचा वचनाबद्दलचा मुद्दा अर्धाच राहिला होता. बाई म्हणाल्या, "राहिलेलं पुढच्या गुरुवारी." आणि त्याच संध्याकाळी आम्ही कॉलेज बंद केलं. कुलूप मी स्वतःच्या हाताने लावलं.

पुढे एका गुरुवारी दुपारी मी मीटरचं रीडिंग घ्यायला तिथे गेलो. कुलूप जागेवर होतं. मागचं दार आतून खिळे ठोकून बंद केलेलं, तेही तसंच. आणि आतून बोलण्याचे आवाज येत होते. खिडकीतून बघतो तर टेबलाभोवती सगळी बसलेली. माझी इरावती होती. सोहम होता, जो कॉलेज बंद झाल्यावर पार क्वीन्सलंडला, स्प्रिंगफील्ड लेक्सला राहायला गेला. बाईंची खुर्ची रिकामी होती. मुलं बोलायची, मध्येच थांबायची, त्या खुर्चीकडे बघून लक्ष देऊन ऐकायची आणि माना डोलवायची.

मी घाबरलो. तिथूनच बाईंना फोन लावला. विश्रामरावांनी उचलला. म्हणाले, "ती किचनमध्ये आहे, दत्ता. गुरुवारी दुपारी तिला हाक मारून उपयोग नसतो." तेवढ्यात आत इरावतीने विचारलं, "बाई, वचन देणाराच उरला नाही, तर वचन उरतं का?" आणि माझ्या कानाशी धरलेल्या फोनमध्ये, नळाच्या आवाजाच्या मागून, बाईंचा आवाज आला. "आधी हे सांग इरावती, ऐकणारा उरलाय का?" आत सगळ्यांनी एकदमच मान डोलवली.

विश्रामराव, यात एक शब्द जरी खोटा असला तर आत्ता सांगा. ... ते खाली बघताहेत.

इरावतीला घरी विचारलं, तर म्हणाली, "बाबा, वी आर स्टिल इन क्लास." तेव्हापासून ती घरात असते आणि नसते. ताटावर बसते, पण कान दुसरीकडेच लावलेला असतो. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत हो. मला फार भीती वाटते.

आता मुद्द्यावर येतो. त्या जागी टाउनहाउसेस होणार आहेत. येत्या गुरुवारी दुपारी इमारत पाडायला घेणार. मी काँट्रॅक्टरला म्हटलं, आत मुलं असतील. तो म्हणाला, "सगळं लॉक्ड आहे मेट, बिल्डिंग एम्प्टी आहे." इरावतीला म्हटलं, त्या दिवशी जाऊ नकोस. ती हसली फक्त.

म्हणून बाई, शाल आणि श्रीफळ स्वीकारण्याआधी आपल्याला एकच विनंती. या माइकवर या आणि मुलांना सांगा, झालं, उठा. बाकी मी काही मागत नाही. माझी मुलगी मला परत द्या.

बाई? ... त्या नकारार्थी मान हलवताहेत. काय म्हणालात? ... "प्रश्न सुटलेला नाही, दत्ता. मी खोटं कसं सांगू?"

बरं. ठीक आहे.

कौन्सिलचे आभार, मंडळाचे आभार, सभागृह दिल्याबद्दल फॅबियनचे विशेष आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल तर बापाचं बोलणं म्हणून सोडून द्या. समारंभ पुढे चालू द्यावा. मी मात्र व्यासपीठावर बसत नाही. खाली जातो, मागच्या रांगेत, मुलांजवळ. इरावती, सरक थोडी. तू तुझा मुद्दा पहिल्यापासून मांड, मी ऐकतोय. गुरुवारच्या आत हा प्रश्न आपल्याला सोडवायचाय.