बिनआवाजाची मशीन

...नाय नाय नाय, तुम्ही मला हे सांगूच नका की मशीन घ्यायची म्हंजे दुकानात जायचं, बोट दाखवायचं अन् टेम्पोत टाकून आनायची! फ्रिज हाय का तो? अहो, फ्रिज घेताना बायको रंग बघती, नवरा किंमत बघतो, पोरं बर्फ किती पडतो ते बघत्यात, झालं, मिटलं! पन माझ्यासारखा एखादा पनीरच्या धंद्यात पडला, दुकानामागं थंड खोली बांधून बसला, की त्या खोलीला बाहेरून एक पेटी लागती... तुम्हाला सांगतो, ती पेटी म्हंजे जावई! आत समदं शांत रहावं म्हनून बाहेर तिचे नखरे सांभाळायचे. काम काय तिचं? आतली गर्मी वढायची अन् गल्लीत फेकायची. एवढंच! अन् नाव काय, तर कंडेन्सिंग युनिट! म्हनताना दात पडायचा मानसाचा. त्या पेटीपायी माझी काय गत झाली, इचारू नका... माल गार, मालक गरम!

जुनी होती ना आमची, तिला असले नखरे नव्हते. पट्ट्यावरची होती. मोठं चाक, त्याच्यावर रबरी पट्टा, अन् आवाज पिठाच्या गिरणीचा... खड-खड-खड-खड! गल्लीत कुनाचं भांडन लागलं तर ते आधी माझ्याकडं यायचे, "सोनाजी, पाच मिनिट बंद कर ना, एकमेकाच्या शिव्या ऐकू येईनात." अन् लाईट? लाईट तर अशी खायची, की बानाबाई, म्हंजे आमची मंडळी, महिन्याचं बिल मला जेवन झाल्यावरच दाखवायची. आधी दाखवलं तर मी ताटावरून उठायचो.

अन् त्या मशीनचा राखनदार कोन? आमचे दादा! दादा म्हंजे माझा बाप, मुंजाबा. सगळी हयात मेंढरामागं गेली मानसाची, बिडकीनच्या माळावर. पुढं तिथं रस्ते झाले, कंपन्यांच्या भिंती उठल्या, चराई संपली, मेंढरं इकावी लागली. मी दादांना घेऊन आलो शहरात, क्रांती चौकाजवळ. आता ज्यानं आभाळाखाली रात्री काढल्या त्याला फ्लॅटमधी झोप येती का? बिलकुल नाय! दादांनी दुकानामागच्या गल्लीत, मशीनच्या शेजारी, बाज टाकली. दिवसभर तिथंच. थंडीत मशीनची गरम हवा गुडघ्याला, अन् तो खडखडाट कानाला. लाईट जाऊन परत आली की मशीन आपोआप चालू होत नव्हती, हिरवं बटन दाबावं लागायचं. ते बटन दादांचं! दुसऱ्या कुनी दाबलं की फुगून बसायचे. म्या एकदा म्हनलं, "दादा, ऊन लई हाय, घरी चला." तर म्हनले, "मग इला कोन बघंल?" म्हंजे बघा, एवढा कळप राखलेला मानूस, आता एक मशीन राखत होता. पन राखत होता हां, मनापासून राखत होता.

अन् मेली ना मशीन! कधी? तुळशीचं लगीन लागलं, पाठोपाठ मानसांची लागायला लागली, आचारी लोकांनी पनीर पनीर करून डोकं खाल्लं, वाळूजच्या एका कंपनीच्या कँटीननं रोजचा माल लावला... बरोबर तवाच! फकिरा मिस्त्री आला. हा फकिरा मशीनच्या पोटात हात घालायच्या आधी तोंड पाडतो. "सोनाजीभाई, इसका तो दम निकल गया." म्हनलं, दुरुस्त कर बाबा. "कर दूंगा. लेकिन मेरी मानो तो इसकू छुट्टी दे दो. दूध कम देती, चारा ज्यादा खाती." तो शब्द मला लागला. मेंढक्याचं पोरगं मी, चाऱ्याचा हिसाब मला कळतो.

मग काय, निवडायला निघालो. शेजारचे काकासाहेब, पाईपाचं दुकान हाय त्यांचं, ते म्हनले, "सोन्या, दोन एचपीची लागती ना? पाचाची घे. मोठं घेतलेलं कधी वाया जात नाय." मला पटलं! चुकीची गोष्ट मानसाला किती चटकन पटती बघा. गेलो डीलरकडं, बद्रीनाथ त्याचं नाव, शर्ट खोचलेला, समोर कॉम्प्युटर, बोलनं एकदम गुळगुळीत. "सर, गरजेपेक्षा मोठं युनिट घेतलंत तर ते पटकन थंड करेल, बंद होईल, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दर वेळी सुरू होताना झटका देऊन वीज खाणार." म्हनलं मग लहान द्या. "लहान घेतलंत तर मे महिन्यात ते थांबणारच नाही, सर." अरे, मग देनार तरी काय? "आधी तुमची गरज काढू ना, सर!" अन् सवाल सुरू! आत ठेवताना पनीर गरम असतं की गार? पेटी उन्हात की सावलीत? मागं हवा फिरायला जागा किती? जाळी धुता का? दार दिवसातून कितीदा उघडता? अहो, लगीन जमवताना बानाबाईच्या बापानं मला एवढं इचारलं नव्हतं! म्या दडपून सांगितलं, "दार ना? इसएक वेळा." तर बानाबाई मागून, "वीस वेळा तर हे नुसते वास घ्यायला उघडत्यात!" बाहेर डिसेंबरची थंडी, अन् मला त्या दुकानात घाम! माल गार, मालक गरम!

शेवटी त्यानं एक मशीन दाखवली. "सर, ही इन्व्हर्टरची. गरज असेल तेवढीच फिरते. जाळी मोठी, पंखा संथ, म्हणून बाहेर येणारी हवासुद्धा भट्टीसारखी नाही, जेमतेम कोमट. कमी वीज, जास्त थंडावा. आणि सर..." इथं तो असा थांबला की जनू देवाचं नाव घेतोय, "...आवाजच नाही!" मी खूश! फकिरानं पन उलटीपालटी करून बघितली, अन् तोंड न पाडता म्हनला, "चीज अच्छी है." घेतली. जुनी दिली सांडू भंगारवाल्याला.

अन् खरंच हो, आवाजच नाय! गल्ली गोळा झाली बघायला. जो तो हात लावतो, "चालू हाय?" "चालू हाय!" "व्हय?" "व्हय!" पहिलं बिल आलं. बद्रीनाथ म्हनला होता तिसरा हिस्सा कमी होईल. बिल आलं निम्म्याच्या खाली! त्या दिवशी बानाबाईनं बिल आधी वाढलं, मग भाकरी. मी अख्ख्या बाजारात ते बिल मिरवलं. बद्रीनाथ गिऱ्हाइकं घेऊन यायला लागला, "बघा, सोनाजीभाऊंचं बिल बघा!" अन् मी असा उभा, की जनू मशीन म्याच बनवली.

अन् मग... पनीर आंबलं. एकदा आंबलं, म्हनलं दूध तसं असंल. दुसऱ्यांदा एका आचाऱ्याचा फोन, "सोनाजीराव, पनीर पाठवलं का दही?" तिसऱ्यांदा कँटीनवाला, "पुन्हा असं झालं तर तुमचा माल बंद." बोला! फकिराला बोलावलं, तो मशीन तपासून म्हनतो, "एकदम टकाटक." बद्रीनाथला फोन लावला, तो म्हनतो, "सर, दार उघडं राहत असेल." बानाबाई माझ्याकडं बघती. मी दाराकडं बघतो. अहो, मी वास घ्यायचं सोडून दिलं! तरी आंबतंय! नुसता तापलो होतो मी.

एका दुपारी बद्रीनाथशी भांडायला फोन घेऊन मागच्या गल्लीत आलो. दुकानात गिऱ्हाइकं, तिथं शिव्या कशा देनार? तर काय बघतो... दादा बाजेवरून उठले. मशीनपाशी गेले. आजारी मेंढराच्या पोटावर ठेवत्यात ना, तसा तळहात ठेवला पेटीवर. मग कान लावला. "च्... च्... च्..." केलं. अन् तिथलं गोल बटन फिरवलं! थांबले. आवाज नाय. परत फिरवलं. थांबले. परत फिरवलं! आता ती नवी मशीन, ती चालू केली तरी चार-पाच मिनिट गप बसती अन् मग हळूच फिरायला लागती, तशी तिची रचनाच हाय. म्हाताऱ्याला काय म्हाईत? एका फेरीला बंद, दुसरीला चालू, तिसरीला बंद... कंटाळा आला की झोपायचे, अन् ज्या फेरीला सोडली ती खरी! कधी तासभर बंद, कधी अख्खी दुपार बंद. निम्म्याच्या खाली बिल का आलं, आलं का ध्यानात? अन् ते बिल मी मिरवत होतो हो, बाजारभर!

म्हनलं, "दादा! काय करता हे?"

दादा दचकले. चोरी पकडल्यासारखं तोंड केलं. म्हनले, "सोन्या, मरून पडती रं ही सारखी. रोज उठवतो इला. तुला बोललो नाय... म्हनलं, पोरानं हौसेनं आनली, खराब निघाली कळलं तर जिवाला लावून घेईल."

आता? आता मी कुनावर तापू? सांगा ना! म्हनलं, "दादा, ती चालूच असती. आवाज नाय करत फक्त."

"आवाज नाय अन् चालू हाय?" दादा हसले. "लेका, कळपात निजून जल्म गेला माझा. मेंढरं रवंथ करत्यात, मधीच एखादी घंटी वाजती, तवर बिनघोर झोप लागती. समदं गपगार झालं ना, की समजायचं लांडगा आला."

म्या काय केलं, फकिराकडून त्या बटनावर लोखंडी डबा बसवून घेतला, वर कुलूप. पनीर आंबायचं थांबलं. कँटीन खूश, आचारी खूश. दादांनी कुलूप बघितलं. बाज उभी केली, खांद्यावर घोंगडं टाकलं, अन् म्हनले, "बरं केलंस. नव्या मशीनला राखनदार लागत नाय." शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं हो! घरी आले, फ्लॅटमधी भिंतीकडं तोंड करून बसले. सकाळी बसलेले, संध्याकाळी तिथंच. भाकरी अर्धी, मग चतकोर. मला लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बानाबाई म्हनली, "पनीर नासायचं थांबवलंत तुम्ही, पन दादा नासायला लागलेत घरात."

पळालो सांडूकडं! म्हनलं, जुनी मशीन परत दे. तो सांडू बघा, घेतली तवा म्हनला "भंगार हाय", अन् देताना म्हनतो, "अशी चीज आता मिळत नाय, सेठ." आनली. फकिरानं तिच्या पोटातलं समदं काढून टाकलं, ठेवलं काय, तर चाक, पट्टा अन् पंखा. एक छोटी मोटर लावली, दादांच्या गुडघ्यासाठी पंख्यापुढं गरम होनारी तार बसवली. लाल-हिरवं बटन तसंच! नव्या मशीनच्या शेजारी उभी केली अन् दादांना घेऊन आलो. म्हनलं, "दादा, नवी एकटी चालत नाय. हिला जुनीचा आधार लागतो." दादांनी नव्या पेटीकडं बघितलं. जुनीकडं बघितलं. माझ्याकडं तर लई वेळ बघितलं. त्यांना पटलं का नाय, देव जाने. हिरवं बटन दाबलं... खड-खड-खड-खड! दादांनी बाज टाकली.

परवाच बद्रीनाथ आला एक गिऱ्हाईक घेऊन. मोठ्या तोऱ्यात, "या साहेब, इथं उभं राहा अन् ऐका, आवाजच..." खड-खड-खड-खड! "सोनाजीभाऊ!! हे काय??" म्हनलं, "ह्या जुनीचं ऐकू नका, शेजारच्या नवीचं ऐका." गिऱ्हाईक गेलं पळून. बिल? चढलं ना! एका मशीननं लाईट वाचवायची अन् दुसरीनं उडवायची. मी परत जेवल्यावर बघतो बिल. माल गार, मालक गरम!

अन् काल काय झालं... काल दुपारी गल्ल्यावर बसलो होतो. खड-खड-खड... अन् एकदम गप. समदं गपगार. आत पनीर सुरक्षित हाय, ती नवी मशीन चालू हाय, मला काय म्हाईत नाय का? पन गिऱ्हाइकाच्या हातातली पिशवी हातातच राहिली, मी मागच्या गल्लीत पळालो. मशीनकडं नाय बघितलं, पहिलं बाजेकडं बघितलं. दादा उतानं पडलेले, तोंड उघडं, हलेनात. मी हळूच जवळ गेलो, छातीवर तळहात ठेवला... कान पन लावला...

दादांनी एक डोळा उघडला. म्हनले, "मला काय हात लावून बघतो रं? मी चालू हाय. पट्टा तुटलाय, पट्टा!"

निघालो मग पट्टा आनायला... दुसरं काय करनार?