वीसपर्यंत मोजा

नाही नाही साहेब, त्या खुर्चीवर नका बसू, ती तिची आहे — दिसते साधी, पण सुताराच्या मागे लागून मी खुर्चीचे पाय चार बोटं कापून घेतलेत, तुम्ही बसलात तर गुडघे कानाला लागतील. इकडे बसा, बाईंच्या खुर्चीवर. बाई हेडमास्तरांच्या खोलीत आहेत, येऊ देत सावकाश, तोवर मला बोलायचंय. मी कोण? मी इथली मावशी. घंटा, झाडू, पाणी — आणि पहिलीपासून आता तिसरीपर्यंत ही मुलगी. हो, तीच, जिचा कागद तुमच्या पिशवीत आहे. सही करायला आलात ना? तिला वर्गातून उचलून घरी बसवायचं, आणि त्याला नाव काय, तर 'घरी राहून शिक्षण'. महिन्यातून दोनदा कुणीतरी जाणार म्हणे. आई दिवसभर कामावर, घरात एक आजी, तिला ऐकू येत नाही. बाकीचे अठ्ठावीस दिवस शिकवणार कोण, भिंती?

मी तिला बडबडी म्हणते. हसलात? कागदावर 'बोलत नाही' लिहिलंय म्हणून? बोलते हो! जन्मापासून हातपाय आखडलेले, जीभही तशीच, शब्दाला डोक्यातून तोंडापर्यंत यायला वेळ लागतो एवढंच. मी मोजलंय. प्रश्न विचारायचा आणि मनातल्या मनात वीसपर्यंत मोजायचं. दहाला डोळे छताकडे जातात, पंधराला मान हलते, अठराला ओठ — आणि विसाला उत्तर हजर. बोबडं असतं, पण बरोबर असतं. बाकीचे काय करतात? तीनपर्यंत मोजतात आणि पुढच्या बाकावर जातात.

आणि बाई वाईट नाहीत हो — नाहीत म्हणून तर जिव्हारी लागलं. वाईट माणसानं दगा दिला तर त्यात नवल काय? नवीन आल्या तेव्हा एवढी सगळी पोरं बघून पाण्याच्या टाकीमागे रडत उभ्या होत्या, मीच तोंड धुवायला लावलं, म्हटलं बाई, पोरं काही खात नाहीत माणसाला. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून जाड कशी करायची, म्हणजे तिच्या मुठीत बसते, पाटीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कसा ठेवायचा, म्हणजे पाटी सरकत नाही — हे कुणी शिकवलं त्यांना? मी, चौथी शिकलेल्या बाईनं! 'मावशी, तुमच्याशिवाय माझं कसं होणार,' असं म्हणायच्या. काय झालं, दिसलंच.

गेल्या महिन्यात माझ्या लेकीचं बाळंतपण होतं. आठ दिवस रजा, फक्त आठ. जायच्या आदल्या दिवशी बाईंनी फळा पुसता पुसता विचारलं, अगदी सहज — मावशी, ती तुमच्याशिवाय आणखी कुणाशी बोलते का हो? आणि मी मूर्ख, छाती फुगवून सांगितलं — छे! कुण्णाशी नाही! माझ्याशिवाय तिचं पान हलत नाही! आता काढा तो बाईंनी भरलेला कागद. तिसरा रकाना. राहू द्या, मीच सांगते, पाठ झालाय — 'मदतनिसाच्या सांगण्यानुसार विद्यार्थिनी इतर कोणाशीही संवाद साधत नाही.' मदतनीस म्हणजे मी, साहेब! माझीच फुशारकी घेतली आणि माझ्याच पोरीच्या गळ्याला लावली. त्याखाली — 'आठ दिवस निरीक्षण केले, प्रतिसाद नाही.' कुठले आठ दिवस? मी नसलेले! मला कसं कळलं? अहो, झेरॉक्स काढायला मलाच पाठवलं ना! केवढा भरवसा — मावशीला काय वाचता येतंय! एकेक अक्षर लावत दुपार गेली माझी, पण वाचला.

काय म्हणालात? लिहिलंय त्यात खोटं काय आहे? खोटं... खोटं म्हणजे... बाकीच्यांशी ती बोलत नाही हे... पण तिला बोलू कुणी दिलं? — माझ्याकडे काय बघताय असे?

...एकदा पाढे चालले होते. बाईंनी तिला विचारलं, सात चोक किती. आणि त्या दिवशी बाई थांबल्या होत्या. खरंच थांबल्या, खोटं कशाला बोलू. दहा, पंधरा, अठरा, पोरीचे ओठ हलले — आणि मी म्हटलं, अठ्ठावीस! अठ्ठावीस म्हणतेय ती, बाई! म्हणायचीच होती हो, शपथ! पण पोरीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या तोंडचा घास काढून खाल्ला. मग बाई तिला विचारायच्या तेव्हा बघायच्या माझ्याकडे. आणि मला — आता बोललेच आहे तर बोलते — मला बरं वाटायचं. फळ्यावरचं उत्तर मला कधी कुणी विचारलं होतं? चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवलं मला. घरी! तिथून पुढं काय होतं ते मला विचारा, तुमच्या कागदात ते नाही.

म्हणून बाईंना माफ करू? मुळीच नाही. त्या शिकलेल्या आहेत, त्यांना कळायला हवं होतं, विचारायचं होतं तर तोंडावर विचारायचं. त्यांचा दगा तो त्यांचा. माझा... माझं मी बघेन. पण दोघींच्या पापाची शिक्षा त्या पोरीला का?

ऐकलंत? टक — टक — आणि मग घासल्याचा आवाज. तिचा वॉकर. उजवा पाय ओढते ना. ते पेन खिशात ठेवा आधी. तिला विचारा, काय वाटेल ते विचारा, पाढे विचारा, घरी बसायचंय का ते विचारा — ते तर तिला अजून कुणीच विचारलेलं नाही, मीसुद्धा नाही. आणि वीसपर्यंत मोजा साहेब. वीस म्हणजे वीस, एकोणिसाला उठलात तर माझ्याशी गाठ आहे. अहो, खुर्ची नका ओढून देऊ, ती ओढेल. मी तिकडे कपाटाशी उभी राहते. ओठ दाताखाली धरून.

आलीस? ये. हे साहेब आहेत, तुला काहीतरी विचारायला आलेत.

नाही ग बडबडे. माझ्याकडे नको बघूस.