हरकतीची मुदत

जोतिबाच्या यात्रेची सुट्टी होती. कोल्हापुरातल्या लग्ननोंदणीच्या कचेरीला कुलूप होतं. पायरीवर एक वयस्कर नवरा-बायको बसले होते आणि शेजारी सावलीत श्यामलाबाई बसची वाट पाहत त्यांचं बोलणं ऐकत होत्या. डोंगरावरून गुलालात माखलेली माणसं परतत होती. सगळा रस्ताच स्वप्नातल्यासारखा गुलाबी झाला होता.

"अगं, आपल्या शालनच्या लग्नाला हरकत घ्यायचा आज शेवटचा दिवस, आन् आजच सुट्टी!"

"देवाच्याच मनात न्हाय. चला घरला."

"सुट्टी आली की दुसऱ्या दिवशी अर्ज घेत्यात. इचारलंय मी."

"म्हंजे उद्या परत यायचं?"

"यायचं की."

"पोरगा वाईट हाय व्हय?"

"न्हाय. पर तिनं मला इचारलं न्हाय."

"तुमी तरी तिला कवा काय इचारलं?"

गुलाल हवेत तरंगत राहिला. श्यामलाबाईंची बस आली आणि गेली. त्या उठल्याच नाहीत.

"अगं, ल्हानपणी तिला खांद्यावर घिऊन डोंगरावर गेलतो. माझ्या डोस्क्यावर गाल टेकून झोपली हुती."

"गुलालानं गाल लालभडक झालता तिचा."

"उद्या यायचंच."

"पुन्ना तेच!"

"हरकत न्हाय घ्यायची. दोघं सह्या करायला येतील तवा साक्षीदार लागत्यात म्हनं. बापाची सही चालती का, तेवढं इचारतो."