वजन खरं, बार खोटा

मी दिपाली मायाप्पा मेटकरी, वय २९ वर्षे, व्यवसाय नोकरी (महिला पोलीस शिपाई), नेमणूक पोलीस मुख्यालय, सोलापूर, राहणार पोलीस वसाहत, सोलापूर, मूळ गाव सांगोला तालुक्यात.

ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वसाहतीत मी एकटी राहते. माझे वडील मायाप्पा व आई केराबाई मेंढरे राखतात. दिवाळी झाली की ते मेंढरे घेऊन गाव सोडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. सध्या त्यांचे बिऱ्हाड मोहोळच्या अलीकडे, महामार्गालगत एका शेतकऱ्याच्या रानात उतरले आहे. बिऱ्हाड म्हणजे एक पाल, चार भांडी, वाकळा, डालग्यातल्या कोंबड्या, आणि हे सगळे पाठीवर वाहणारी पाखरी नावाची घोडी. जबाब लिहिणारे हवालदार गुरुशांत यांनी इथे "एक जनावर" असे लिहिले होते. मी स्वतः लोकांचे कितीतरी जबाब लिहिले आहेत आणि त्यांत असेच लिहिले असेल. तरी ते खोडून "पाखरी नावाची घोडी" असे लिहावे.

माझ्या वडिलांनी त्या घोडीला क्रूरपणे मारले अशी तक्रार उदयसिंह नावाच्या गृहस्थांनी दिली आहे. ते कारने जात असताना थांबले व त्यांनी मोबाइलवर चित्रण केले. ते चित्रण मला दाखवण्यात आले. त्यात हातात पिस्तूल घेऊन उभी असलेली बाई मीच आहे. हाताशी पिस्तूल असून ते का चालवले नाही, म्हाताऱ्याला कुऱ्हाड का उचलू दिली, असे मला विचारले आहे. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते, पण ते एका माणसाला पटलेले नाही, म्हणून थोडे मागून सांगते.

आमच्याकडे एक नवीन पिस्तूल घ्यावे की नाही याची पारख चालू आहे. सांगाडा सगळा धातूचा, आणि एक बार झाला की पुढची गोळी आपोआप चढते, अशा जातीचे. शस्त्रागाराचे फौजदार बापूसाहेब यांनी पारखीसाठी आमच्यातले काहीजण निवडले. बाईच्या हातात ते कसे बसते हे पाहायचे म्हणून त्यात मी होते. मैदानावर मी ते चालवले. पहिला चाप जड जातो, पुढचे हलके. धातूच्या वजनामुळे नळी उसळत नाही, हात लगेच पुन्हा नेमावर येतो. हलक्या सांगाड्याचे बरे की हे बरे, असा वाद निघाला तेव्हा हेच बरे म्हणून मी भांडले होते. मुठीत काहीतरी धरले आहे असे वाटते. माझ्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या. बापूसाहेब म्हणाले, "लहानपणी गोफण चालवली असशील." चालवली होती.

त्यानंतरचा भाग ते अंगावर बाळगून पाहण्याचा. गणवेशात कमरेला, साध्या कपड्यांत कुडत्याखाली. बसता-उठता टोचते का, स्कूटीवर सरकते का, वाकले की दिसते का, घामाने डाग धरते का. या भागाला खऱ्या गोळ्या देत नाहीत, डमी राउंड देतात. बाहेरून खऱ्यासारखे, आत दारू नाही, बुडाला एक बारीक भोक. वजन मात्र खऱ्या गोळीइतकेच भरलेले, कारण परीक्षा वजनाचीच आहे. बापूसाहेबांचे शब्द असे होते, "वजन खरं, बार खोटा." ही गोष्ट घरीसुद्धा बोलायची नाही असा हुकूम होता. पोलिसाच्या कमरेला रिकामे हत्यार आहे हे चार लोकांना कळले तर हत्यारही जाईल आणि पोलीसही. आज हे सांगण्यास बापूसाहेबांनी परवानगी दिली आहे. ती परवानगी चार दिवस आधी मिळाली असती तरी उपयोग झाला असता का, ते मला सांगता येत नाही.

सुट्टी असल्याने मी आदल्या दिवशी दुपारी बिऱ्हाडावर गेले. पिस्तूल कुडत्याखाली होते. आईने मला पोटाशी धरले आणि म्हणाली, "आगं, हे काय टोचतंय? हाड वर आलं का काय? खातीस का न्हाय तितं?" मग वडिलांनी ते बघायला मागितले. मी मॅगझिन काढून पिस्तूल त्यांच्या हातात दिले. असे द्यायला नको होते. कोकराचे वजन बघतात तसे त्यांनी ते तळहातावर उचलून पाहिले.

"लोकंड हाय," म्हणाले. "लोकंड दगा देत न्हाय." बाजूचा छोटा खटका बघून त्यांनी विचारले, "हे काय?"

मी सांगितले, "ते कुलूप हाय आण्णा. हे वर आसलं की बार होत न्हाय."

त्यांनी शेजारच्या बिऱ्हाडातल्या कोंडीबांना हाक मारून बोलावले. "बघ, आमच्या दिपीला सरकारनं काय दिलंय. आता लांडगा येऊं दे म्हणावं, त्योच घाबरंल." कोंडीबांनी लांबूनच नमस्कार केला. बापाच्या तोंडून आपले कौतुक ऐकायला मला फार बरे वाटले. आत काय भरले आहे ते माहीत असूनही बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे घटनेच्या दिवशी, सकाळी सातच्या सुमारास बिऱ्हाड पलीकडच्या रानात न्यायचे होते. पाखरीवर सामान लादले होते. मेंढरे पुढे, वडील त्यांच्या मागे, मग घोडी, आई आणि मी. महामार्गाच्या कडेने चाललो होतो. मागून एक ट्रक आला आणि घोडीच्या मागच्या पायांवरून गेला. थांबला नाही. नंबर मी घेतला नाही. पोलीस असून नंबर घेतला नाही हे मला ठाऊक आहे, पुन्हा विचारू नये.

घोडी चरात पडली. मागचे दोन्ही पाय गेले होते. पुढच्या पायांवर ती उठायला बघायची आणि पडायची. आईने दोर कापून सामान मोकळे केले. कोंबड्या रस्त्यावर गेल्या, त्यांना कोणी आवरले नाही. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावात लसीकरणाला होते, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. त्यांचा दोष नाही. मग मी बापूसाहेबांना फोन लावला.

ते म्हणाले, "दिपाली, तुझ्याजवळ काय आहे ते तुला माहीत आहे."

मी म्हटले, "म्हणून तर विचारतेय साहेब. कुणी खरं हत्यार घेऊन येईल का?"

"घोडीसाठी?" म्हणाले. मग म्हणाले, "वर विचारतो." वरून काही आले नाही. त्यांनी विचारले असणार, कारण ते खोटे बोलणारे नाहीत.

तोपर्यंत गाड्या थांबायला लागल्या होत्या. वडील घोडीचे डोके मांडीवर घेऊन चरात बसले होते. ही घोडी आमच्याकडेच जन्मली. मी भरतीसाठी धावायचा सराव करायचे तेव्हा तिला मोकळी सोडून तिच्या बरोबरीने धावायचे, आणि ती पुढे जाऊन थांबायची. वडील मला म्हणाले, "पोरी, सोडीव तिला. तुज्या कमरंला हाय की."

मी खाली उतरले आणि हुकूम मोडून त्यांच्या कानात सांगितले, "आण्णा, ह्या गोळ्या खोट्या हायत्या. बार व्हायचा न्हाय."

ते म्हणाले, "सरकार पोलिसाला खोटी गोळी देतंय व्हय? मंग पगार बी खोटाच देत आसंल."

मी मॅगझिन काढले, एक राउंड त्यांच्या तळहातावर ठेवला. बुडाचे भोक दाखवले, आत दारू नाही म्हणून सांगितले. त्यांनी भोक निरखून पाहिले. "ह्या भोकातनंच आग जात आसंल की," म्हणाले. मग कालच्यासारखाच तो राउंड तळहातावर उचलून पाहिला, आणि माझ्याकडे बघितले.

"वजन हाय की गं," म्हणाले.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे सांगायला गेले, तर आडात पाणी दिसत होते. घोडी ओरडत होती. घोडी तशी कधी ओरडत नाही, ऐकलेल्यालाच कळेल. वडील म्हणाले, "तुला नोकरीची भीती वाटती. एका गोळीचा हिशोब द्यावा लागंल म्हणून भितीस. मी देतो हिशोब. माजं नाव सांग."

म्हणून मी उभी राहिले. बार होत नाही हे त्यांना दिसावे, एवढ्यासाठी. राउंड भरला, स्लाइड ओढली, नेम घोडीच्या कपाळावर धरला आणि चाप दाबला. हवालदार इथे "घोडा दाबला" असे लिहीत होते. बोलताना तसे म्हणतात, पण या जबाबात घोडी आहे, म्हणून चापच लिहावे. नेम धरताना घोडी माझ्याकडे बघत होती. आवाज झाला तो कुलपात किल्ली फिरल्याइतका. चित्रणात तो ऐकू येत नाही, मला येतो.

वडील म्हणाले, "कुलूप लावून दाबलंस."

मी खटका खाली असल्याचे दाखवले. त्यांनी बघितले नाही. कुलपाची गोष्ट त्यांना मीच शिकवली होती, दुसऱ्या कोणी नाही. ते म्हणाले, "बापाला फसीवतीस? ह्या मुक्या जितराबाम्होरं?" मी दुसऱ्यांदा चाप दाबला नाही. दाबला असता तरी त्यांना दुसऱ्यांदा कुलूपच दिसले असते. असून अडचण, नसून खोळंबा म्हणतात, ते त्या दिवशी माझ्या कमरेला लटकत होते.

मग वडिलांनी मेंढरांना बाभळीचा पाला पाडायची कुऱ्हाड आणली. मी ती धरली. म्हटले, "द्या, मी करते." ते म्हणाले, "तुजं हात सरकारी हायत. लांब हो." आणि आईला म्हणाले, "तोंड फिरीव." आईने पदर तोंडावर घेतला. किती घाव पडले ते मी मोजलेले नाही. वडिलांचा उजवा खांदा गेल्या वर्षापासून वर जात नाही, म्हणून एका घावात झाले नाही. तक्रारीत ज्याला क्रूरपणा म्हटले आहे तो त्या खांद्याचा आहे, माणसाचा नाही, असे माझे म्हणणे आहे. तक्रारदारांवर माझा राग नाही. त्यांनी जे पाहिले ते तसेच होते.

झाल्यावर वडिलांनी कमरेच्या पिशवीतला भंडारा काढून घोडीच्या कपाळाला लावला. गळ्यातले घुंगरू सोडून घेतले. मेंढरे पांगली होती, ती कोंडीबांनी वळवली. मी वडिलांना पाणी दिले. त्यांनी तांब्या आईकडे देऊन पुन्हा आईच्या हातून घेतला. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी काही विचारले तर आईला म्हणतात, "सायेबिणीला सांग." पूर्वी मी रजेवर आले की हेच चेष्टेने म्हणायचे.

हत्यारात काही दोष आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, नाही. पिस्तूल आणि सर्व राउंड मी शस्त्रागारात परत दिले आहेत, ते जसे असायला हवेत तसे आहेत. अंगावर बाळगण्याबाबत अभिप्राय विचारला असता, दिवसभर वागवण्यास जड आहे. याआधी तोंडी विचारले तेव्हा मी वजन जाणवत नाही असे सांगितले होते, ते आता रद्द समजावे.

वडिलांचाही जबाब घ्यायचा असल्याने ते ठाण्याबाहेर बाकावर बसले आहेत. घुंगरू पटक्याच्या टोकात बांधून आणले आहेत. त्यांना वाचता येत नाही. पण सरकारी कागद मोठ्याने वाचला की तो खरा, असे ते मानतात. जमिनीची नोटीस असो की मतदारयादी, वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत ऐकतात आणि मान हलवतात.

माझा हा जबाब हवालदार गुरुशांत यांनी मला वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे, खाली सही करते. फक्त एक विनंती आहे. हा जबाब बाहेर जाऊन माझ्या वडिलांनाही वाचून दाखवावा, आणि गोळ्या खोट्या होत्या ही ओळ दोनदा वाचावी. माझ्या तोंडून त्यांना ती पटत नाही.