सातवा यक्ष

नाही नाही, चुना शोधू नका, सापडायचा नाही — चुना नाहीच ना पाहुणे! दगडावर दगड, त्यावर दगड, नुसत्या वजनावर तेराशे वर्षं उभं आहे हे देऊळ — आणि आमच्या घरचं कपाट चार खिळे ठोकूनही डुगडुगतं. या, आत सावलीत या. दारचौकटीवर त्या दोघी बघितल्यात ना, मगरीवर गंगा, कासवावर यमुना? नद्यांनासुद्धा वाहन आहे, आणि मी रोज चालत येतो! त्या वरच्या जोडप्यांकडे बघून लाजलात, तेही पाहिलं मी. लाजू नका हो, घडवणारा लाजला नाही.

आता मान वर करा. खांबांच्या डोक्यावर ते ढेरपोटे बुटके — ते यक्ष. तुळया त्यांच्या खांद्यांवर. आठ जण, आठ तऱ्हा — हा दातओठ खातोय, तो जीभ काढतोय, आणि तो तिसरा बघा, एका हातानं तुळई धरलीय, दुसऱ्यानं पोट खाजवतोय — सरकारी नोकरीत शोभला असता! खरं तर भार ते उचलतच नाहीत, भार सगळा खांबावर. पण नुसत्या खांबाकडे बघून वजन कळत नाही, यांची तोंडं बघितली की कळतं.

सातवा? सातव्याचं काय? हो, तो एकटाच हसतो. कानावर — फूल असेल. लांबट फूल असतं एकेक. — बरं बाबा, पेन्सिल आहे! काय डोळे आहेत तुमचे! आता कळलंच आहे तर ऐका, तुम्ही काय, फोटो काढणार नि जाणार. जुना सातवा तडकून पडला मागच्या वर्षी. आम्हा पाथरवटांना नियम असा, की दुरुस्तीचा दगड साधा ठेवायचा — कोरायचं नाही, नवं ते नवंच दिसलं पाहिजे. हे मला शिकवलं माझ्या दादानं. चाळीस वर्षं त्यानं इथे दगड बसवले — तो कोपरा, ती पायरी, शिखराचा अर्धा माथा — सगळे सपाट. हात असा, की घरी भाजी चिरताना बटाट्यावर मोर काढायचा, आणि इथे एक पाकळी नाही! विचारलं तर म्हणायचा, "म्हाताऱ्या देवळाच्या तोंडी आपले शब्द घालू नकोस." गेल्या हिवाळ्यात त्याचे हात थरथरायला लागले. छिन्नी खाली ठेवली, ती कायमची. मलाच ते सोसेना — सगळं आयुष्य इथे घातलं, आणि त्याचं म्हणून बोटभर काही नाही? मग चढलो वर. पाच दिवसांत दादा कोरला — तेच नाक, तेच पोट. पेन्सिल नको होती घालायला, पण तिच्याशिवाय तो दादा दिसेचना.

लिहिताय काय एवढं? बघू — हा शिक्का — अरे देवा! तपासणीचे साहेब उद्या येणार होते ना? तुम्हीच? चहा मागवू साहेब? नको. बरं. लिहा, काय लिहायचं ते लिहा, पण छाटायचा हुकूम आज नका देऊ. आज दादाला बोलावलंय मी. त्याला यातलं काही माहीत नाही. आणि खरं सांगू, तुमची भीती नाही मला — तुम्ही कागद पाठवाल, तो कान पिरगाळेल. साठीला आलो तरी पिरगाळेल! — काठी वाजली. आलाच. वर बघू नका, काही झालं तरी वर बघू नका.

ये दादा, जपून, उंबरा आहे. हे? हे पाहुणे आहेत. वर? वर काय असणार, तू आधी बस तर — दादा. दादा, ऐक ना — हो, मीच. माहीत आहे रे नियम, तूच तर — छिन्नी? छिन्नी कशाला मागतोस? नको रे तोडू, पाया पडतो तुझ्या, पुन्हा नाही — काय? पोट? पोटाचं काय?

अरे, होतंच तुला तेवढं! मी काय मनानं काढलंय? — बरं, बरं, करतो कमी. तू बोट दाखव, छिन्नी मी धरतो. आधी डोळे पूस, नीट दिसायचं नाही तुला. — किती? दोन बोटं?

साहेब, तुम्ही अजून इथेच? मागच्या भिंतीवर हत्तींची रांग आहे — जा, सावकाश मोजून या.