जंपसीटवर कसं बसावं

नाही, थांब संदेश, हे लिहून घेऊ नकोस — मला नीट आठवतंय की नाही याचीच मला खात्री नाही. बूट काढायचे नसतात एवढं नक्की. बहुतेक नक्की. म्हणजे मी काढले होते, कॉकपिटच्या दाराशी, सवयीनं, कुणाच्या घरी गेल्यावर काढतो तसे — आणि ती हवाई सुंदरी माझ्या मोज्यांकडे बघून म्हणाली, सर, आत देवघर नाहीये. की हे वाक्य मला नंतर सुचलं? सुचलं असेल. पण तू बूट काढू नकोस. आणि मला डॉक्टर म्हणू नकोस रे, काका म्हण. ढगांवर पीएच.डी. केली म्हणून दारावर पाटी लावली, तर सोसायटीतले लोक खोकल्याचं औषध विचारायला येतात. तुझ्या वडिलांना सगळं ठाऊक आहे, महिपतनं वेधशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर उभी हयात काढली — आणि तरी त्यानं तुला टिटवाळ्याहून इथं डोंबिवलीला पाठवलं, माझ्याकडे! पायलट तू, परवाना तुझ्याकडे, आणि दोघा पायलटांच्या मागच्या त्या घडीच्या खुर्चीवर कसं बसावं हे सांगणार कोण, तर जन्मात एकदाच बसलेला म्हातारा.

तर पहिली गोष्ट, परवानगी. तुझं नाव कागदावर असेल, नवीन माणूस आधी नुसतं बघायला बसवतात हे मला माहीत आहे, पण कागद वेगळा आणि दार वेगळं. दारात उभं राहायचं, नाव सांगायचं, बसू का विचारायचं — कॅप्टन नको म्हणाला तर नको, ते त्याचं घर. बॅग सांगतील तिथंच ठेवायची. पट्टे स्वतःचे स्वतः लावायचे, नाही जमले तर आधी विचारायचं, विमान हलल्यावर नाही. वास येणारं काही न्यायचं नाही — सुमतीनं, म्हणजे तुझ्या काकूनं, मला कोथिंबीर वड्या दिल्या होत्या, त्या मी नागपूरपर्यंत मांडीवर धरून बसलो, डबा उघडायची छाती झाली नाही. पुढच्या खुर्चीची पाठ धरायची नाही, कितीही हललं तरी. विमान चढताना-उतरताना अवाक्षर नाही. पण धोक्याचं काही दिसलं, तर बोलायचं — लगेच बोलायचं, मग तू पाहुणा का असेनास. आता धोक्याचं काय आणि आपल्याला वाटलेलं काय हे कसं ओळखायचं, ते मला विचारू नकोस. मला ते जमिनीवरसुद्धा कधी कळलेलं नाही.

उद्या कॅप्टन कोण आहे तुझा?

असं. आमची हेमांगी. म्हणजे यासाठी महिपतनं पाठवलंय तुला, तिच्या बापाकडून तिची रीत कळावी म्हणून. बस, बस, उठू नकोस, त्यात काय संकोच — सुमती, याला अजून एक वडी दे गं. तर मी बसलो ते तिच्याच मागे. तेव्हा ती उजव्या खुर्चीवर होती, को-पायलट, आणि डावीकडे कॅप्टन वेलणकर. निवृत्तीचं वर्ष होतं माझं, वेधशाळेतल्या माणसानं एकदा वरून ढग बघावेत अशी योजना होती, रीतसर परवानग्या होत्या. तिचंच उड्डाण मिळालं हा योगायोग. — योगायोग म्हणजे, मी दोनदा तारीख बदलून घेतली. पण ते राहू दे.

वैशाखातले ढग, दुपारचे. ज्यांच्यावर मी साडेतीनशे पानं लिहिली ते ढग — आत वारा कसा चढतो, गारा कुठं धरतात, सगळं मला पाठ. ती वळसा घेऊन निघाली, अगदी बरोबर निघाली, तरी कडेचे धक्के बसलेच. मी नियमानं बसलो. हात मांडीवर, कानांवर त्यांनी दिलेला माईकवाला हेडफोन, तोंडातून शब्द नाही. उतरलो. तिनं मला हॉटेलवर सोडलं, म्हणाली, बाबा, दमलात, झोपा. बस्स.

आता यात काय झालं सांग? काही झालं नाही. पण त्याआधी ती रोज फोन करायची, बाबा, आज इंदूरच्या अलीकडे हा एवढा उभा होता, किती उंच असेल सांगा — आणि मी इथं बाल्कनीत ठाकुर्लीकडे तोंड करून तिला सांगायचो, भांडायचो, तिचा अंदाज चुकला की चिडवायचो. त्या दिवसापासून ते बंद. फोन येतो, रोज येतो. पोचले. जेवले. हवा स्वच्छ होती. आषाढात हवा स्वच्छ. श्रावणात स्वच्छ. अरे, मी हवामानखात्याचा माणूस आहे, इतक्या वर्षांत माझ्या मुलीला एकही ढग आडवा आलेला नाही! मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. वरिष्ठांसमोर बाप घेऊन गेली याची तिला लाज वाटली असेल. विचारायचं कसं? सुमती म्हणते, तिला विचारा. सुमतीला सगळं सोपं वाटतं.

म्हणून तुला म्हणतो — उद्या उतरलास की मला एक फोन कर. काही नको, एवढंच सांग, ढग होते का. किती मोठे होते आणि ती कशी गेली त्यांच्यातून. तिला कळायचं नाही.

का रे, वडी खाली का ठेवलीस?

बरोबर आहे तुझं. नको. त्या दाराच्या आतलं बाहेर बोलायचं नसतं, तोही नियमच, मी सांगायला विसरलो. आणि मला आता तसं कारणही उरलेलं नाही. गेल्या वर्षी नौपाड्यात डोळ्यांच्या दवाखान्यात बसलो होतो, थेंब घातलेले, डोळे मिटलेले — शेजारच्या माणसाला मी नुसतं विचारलं, तुमचा नंबर कितवा? तर तो म्हणाला, नागपूरच्या फ्लाइटवरचे स्तोत्रवाले तुम्हीच ना? वेलणकर. माझ्या आवाजावरून त्यानं ओळखलं. मी म्हटलं, कसलं स्तोत्र, देवाधर्माचं खातं आमच्या सौभाग्यवतींकडे आहे. तर म्हणाला, मारुतीचं हो, तुमचा माईक चालू होता, सबंध ढग संपेपर्यंत तुम्ही ते एकच कडवं म्हणत होतात, पुढचं येत नव्हतं वाटतं. मला आठवत नाही, संदेश. अजूनही आठवत नाही. पण वेलणकर खोटं बोलणारा माणूस नाही. तो म्हणाला, मी तुमचा माईक बंद करायला हात वर नेला, तर हेमांगीनं मान हलवली, आणि स्वतःच्या माईकवर हात ठेवून मला म्हणाली, “राहू द्या सर. त्यांना वाटतंय कुणाला ऐकू जात नाहीये.”